सुई कोणाच्या हाती?

केशकर्तन करणाऱ्या कारागिराच्या हातात वस्तरा असतो आणि शल्यविशारदाच्या हातात सुरी. दोन्ही शस्त्रे धारदारच. परंतु एकाकडे आपण बाकावर बसून वर्तमानपत्र चाळत नंबर लागण्याची वाट पाहतो आणि दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी घरातल्या चार माणसांचा सल्ला घेतो. या दोहोंमधली सीमारेषा आपल्या वाडवडिलांना स्पष्ट दिसत होती. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र या रेषेवरच एक नवे दुकान उभे राहिले आहे. त्याच्या पाटीवर ‘स्किन अँड हेअर क्लिनिक’, ‘लेझर सेंटर’, ‘एस्थेटिक स्टुडिओ’ अशी नावे असतात. आत पांढरा कोट घातलेली व्यक्ती असते आणि भिंतीवर ‘आधी’ व ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे लावलेली असतात. हे दुकान म्हणजे दवाखाना की ब्यूटी पार्लर? तेथे सुई धरणारी व्यक्ती वैद्य की कारागीर? आणि ती सुई धरण्याची परवानगी तिला कोणी दिली?

राज्यशास्त्राच्या तासाला ‘राज्याची नियामक कार्ये’ हे प्रकरण चालू असताना मी हे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. ते केवळ पाठ्यपुस्तकातून सुचले असे मात्र नाही. त्यांच्यामागे आमच्या घरातली एक हकीकत आहे. ती पुढे ओघाने येईल. प्रथम या दुकानांत नेमके काय चालते ते पाहू.

भुवया कोरणे, चेहऱ्याला लेप लावणे, केस रंगविणे ही पार्लरमधली कामे त्वचेच्या वरच्या वर होतात. नव्या दुकानांतली कामे मात्र त्वचेच्या आत शिरतात. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बोटॉक्स. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूपासून मिळणारे हे विष अत्यल्प प्रमाणात स्नायूत टोचले, की मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडतो, स्नायू सैल पडतो आणि कपाळावरची आठी तीन-चार महिने दिसत नाही. या विषाचा वैद्यकीय उपयोग प्रथम तिरळेपणावर झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यासाठी १९८९ मध्ये आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ मध्ये त्याला मान्यता दिली.

दुसरे काम ‘फिलर’चे. ओठ किंवा गाल भरदार दिसावेत म्हणून त्वचेखाली हायल्युरॉनिक आम्लाचा घट्टसर द्राव भरतात. तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा काळी पडून मरते. नाकाच्या आसपासच्या वाहिनीतून तो डोळ्यापर्यंत पोहोचला, तर दृष्टीही जाऊ शकते. हा द्राव विरघळविणारे हायल्युरॉनिडेज हे औषध आहे. पण ते हाताशी असावे लागते आणि धोका घडताक्षणी ओळखता यावा लागतो.

तिसरे काम लेझरचे. नको असलेले केस काढताना लेझरचा प्रकाश केसाच्या मुळातले रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, शोषून घेते आणि त्या उष्णतेने मूळ जळते. अडचण अशी, की तेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही भरपूर असते. गोऱ्या कातडीसाठी बेतलेली प्रकाशलहर आणि शक्ती येथे वापरली, तर केसाबरोबर कातडीही भाजते. म्हणून सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरची लांब लहर अधिक सुरक्षित मानतात. यंत्राचे बटण कोणालाही दाबता येते. कोणत्या कातडीवर किती शक्ती लावावी, हे ठरविण्याला विद्या लागते.

चौथे काम केशरोपणाचे. यात डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळांसकट काढून पुढच्या टकलावर एकेक करून लावतात. हे काम सहा-आठ तास चालते आणि तेवढा वेळ डोके बधिर ठेवावे लागते. बधिर करण्याच्या औषधाची मात्रा मर्यादेबाहेर गेली, तर हृदय आणि मेंदू या दोहोंवर परिणाम होतो. दिसायला हे काम भाताची लावणी केल्यासारखे निवांत वाटते. प्रत्यक्षात ती शस्त्रक्रियाच होय.

आता इतिहासाकडे वळू. या विषयाच्या इतिहासात आपल्या पुण्याला मानाचे स्थान आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर सपाट ठेवला, त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून खाली वळविली आणि नाकाच्या जागी बसविली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी ही क्रिया पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

त्या पुणेकर कारागिराजवळ कसला परवाना होता? कसलाच नव्हता. पण तो ज्या वस्तीत राहत होता तेथे त्याने केलेली नाके लोकांच्या डोळ्यांसमोर हिंडत असणार. बिघडलेले कामही लपून राहण्यासारखे नव्हते. लहान समाजात ओळख हीच नोंदणी असते. शहरे वाढली, करणारा आणि करवून घेणारा एकमेकांना अनोळखी झाले, तेव्हा त्या ओळखीची जागा घेणारे काहीतरी हवे झाले. इंग्लंडमध्ये १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१२ साली मुंबई वैद्यक कायदा झाला. नोंदवहीत नाव आहे याचा अर्थ इतकाच, की या अनोळखी माणसाची विद्या कोणीतरी तपासली आहे आणि तो चुकला तर त्याचे नाव खोडण्याचा अधिकार कोणाकडे तरी आहे. परवान्याचे सारे तत्त्वज्ञान या एका वाक्यात येते.

मग आजचे कायदे या नव्या दुकानाला लागू पडत नाहीत काय? काही लागू पडतात, पण तुकड्यातुकड्यांनी.

पहिला तुकडा माणसाविषयीचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नेही नोंदणी नसलेल्यास हा व्यवसाय करण्याची मनाई केली आहे. पण गालावरचे केस काढणे हा ‘वैद्यक व्यवसाय’ आहे काय, असे विचारले की वादाला तोंड फुटते. दुकानदार म्हणतो, “मी रोग बरा करीत नाही, मी सौंदर्य देतो.”

दुसरा तुकडा जागेविषयीचा. शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते. त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना दाखल करून घेऊन उपचार करणाऱ्या जागेची आहे. टक्कल हा आजार नव्हे, सावळा रंग ही इजा नव्हे आणि कपाळावरची आठी ही दुर्बलता नव्हे. उरतो दुकानांचा कायदा. महाराष्ट्रात २०१७ च्या अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरविले. तो कायदा कामगारांच्या हितासाठी आहे. दुकानात सुई आहे की कात्री, हे तो विचारीत नाही.

तिसरा तुकडा मालाविषयीचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांचा १९४० चा कायदा कारखानदार आणि विक्रेता यांना परवान्याच्या चौकटीत ठेवतो. त्या कायद्याचा डोळा बाटलीवर असतो. बाटली उघडल्यानंतर तिच्यातले औषध कोणी टोचले, इकडे त्याचे लक्ष फारसे जात नाही.

चौथा तुकडा जाहिरातीविषयीचा. जादूटोण्याच्या व चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा १९५४ चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा, माणसाची उंची, स्तनांचा आकार यांचा उल्लेख आहे. म्हणजे सौंदर्याच्या नावाने होणारी फसवणूक त्या वेळच्या कायदेकारांना दिसली होती. गोऱ्या रंगाचा समावेश मात्र त्यात नव्हता. तो घालण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२० मध्ये प्रसिद्ध केला होता. शिवाय २००२ च्या नीतिनियमांप्रमाणे डॉक्टरने स्वतःची जाहिरात करू नये, असे बंधन आहे. ते डॉक्टरवर आहे. डॉक्टरला पगारावर ठेवणारी कंपनी भररस्त्यात फलक लावते.

या चारही तुकड्यांत एक समान गोष्ट आढळते. कायदा रोग्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. आजारी माणसाचे रक्षण करावे, ही त्याची धारणा. जो आजारी नाही, जो स्वतःच्या पायांनी चालत, पैसे मोजून, हौसेने आत जातो, त्याला कायदा गिऱ्हाईक समजतो. सुई मात्र रोगी आणि गिऱ्हाईक असा भेद करीत नाही.

याचा प्रत्यय आम्हाला घरातच आला. माझी मामेबहीण तालुक्याच्या गावी राहते. तिचे लग्न वैशाखात ठरले होते. माघात तिने तेथल्या एका केंद्रात गालावरचे आणि हनुवटीवरचे केस लेझरने काढून घेण्यास सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला तिने “फार भाजतंय” असे सांगितले, तेव्हा “पहिल्या-पहिल्यांदा होतं तसं” असे उत्तर मिळाले. रात्री दोन्ही गालांवर फोड आले आणि पुढे त्यांचे काळसर चट्टे झाले. यंत्र चालविणाऱ्या बाईंजवळ दहा दिवसांच्या अभ्यासक्रमाचे चौकटीत लावलेले प्रमाणपत्र होते. ते एका खाजगी संस्थेचे होते. बाई लबाड होत्या असे मला वाटत नाही. त्यांना जेवढे शिकविले, तेवढेच त्या करीत होत्या.

मामांनी तक्रार करायचे ठरविले. सोबत मीही गेले. नगरपालिकेत सांगण्यात आले, “दुकानाची माहिती आमच्याकडं आहे, आत काय करतात ते आमच्याकडं येत नाही.” रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मलम लिहून दिले, केसपेपरवर भाजल्याची नोंद केली आणि म्हणाले, “डॉक्टर चुकला असता तर वैद्यक परिषदेकडे तक्रार करता आली असती. इथे डॉक्टरच नाही.” पोलीस ठाण्यात हवालदारांनी कागद पाहून विचारले, “काका, खाली सही कुणाची आहे? पोरीचीच ना?” ते संमतीपत्र इंग्रजीत होते आणि त्याची प्रत आमच्याजवळ नव्हती, मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र तेवढे होते. कोणी उद्धटपणे बोलले नाही. प्रत्येकाने आपल्या टेबलापुरते खरे तेच सांगितले. त्या टेबलांच्या मधल्या जागेत आम्ही उभे होतो.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग उरला होता. पण मामी म्हणाल्या, “आता पुरे. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर?” तेथे ते प्रकरण थांबले. लग्न ठरल्याप्रमाणे झाले. चट्टे अजून पुरते गेलेले नाहीत. अशी किती प्रकरणे सोयऱ्यांच्या भीतीने कागदावरच येत नसतील, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. कारण कागदावर काही येत नाही, म्हणून सरकारला निकड भासत नाही; आणि निकड भासत नाही, म्हणून नियम होत नाहीत.

प्राण गेला म्हणजे मात्र हालचाल होते. दिल्लीत एका सलूनमध्ये केशरोपण करून घेतलेल्या तरुणाचा २०२१ मध्ये मृत्यू झाला. ते प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयासमोर आले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने अशा केंद्रांच्या देखरेखीबाबत शासनाला पावले उचलावयास सांगितले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया आणि केशरोपण यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शल्यकर्माचे रीतसर शिक्षण घेतलेल्या प्लॅस्टिक सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ अशा डॉक्टरांनीच ही कामे करावीत. मदतनिसांनी त्यांच्या देखरेखीखाली काम करावे. कार्यशाळेला हजेरी लावून किंवा यूट्यूबवर पाहून हे शिक्षण पुरे होत नाही, असे त्यांत म्हटले आहे. देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेला यूट्यूबचे नाव घ्यावे लागले, यावरून परिस्थिती काय होती ते कळते. तत्त्वे चांगली आहेत. पण आयोगाचा अधिकार डॉक्टरवर चालतो. जो डॉक्टरच नाही, त्याच्या दुकानात जाऊन पाहणी कोणी करायची, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

बाहेरच्या देशांनी काय केले? इंग्लंडमध्ये फ्रान्समधील एका कारखान्याने कारखानी दर्जाचे सिलिकोन भरून विकलेल्या स्तनरोपणांचे प्रकरण गाजले. अशी रोपणे अनेक देशांतल्या लक्षावधी स्त्रियांच्या शरीरांत गेली होती. त्यानंतर सर ब्रूस किओ यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. शस्त्रक्रियेविना होणारे सौंदर्योपचार घेणाऱ्याला बॉलपेन किंवा दात घासण्याचा ब्रश विकत घेणाऱ्याइतकेच कायद्याचे संरक्षण आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर आठ वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२१ पासून, अठरा वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर टोचणे तेथे गुन्हा ठरले. असे उपचार करणाऱ्यांसाठी परवानापद्धती आणण्याचा अधिकार २०२२ च्या कायद्याने सरकारला मिळाला. श्रीमंत आणि सुशिक्षित देशालाही एवढा वेळ लागतो.

अमेरिकेत हा विषय मुख्यत्वे राज्यांच्या हाती आहे आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. न्यू मेक्सिको राज्यात स्वतःचेच रक्त सुयांनी चेहऱ्यात सोडण्याचा उपचार करणारे एक परवाना नसलेले केंद्र होते. २०१८ मध्ये एका स्त्रीला एच. आय. व्ही.ची लागण झालेली आढळली. तिच्या बाबतीत दुसरे कोणतेही कारण सापडेना, तेव्हा चौकशी या केंद्रापर्यंत पोहोचली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि शीतकपाटात अन्नाशेजारी रक्ताच्या नळ्या आढळल्या. त्यांच्यावर नावाच्या चिठ्ठ्या नव्हत्या. किमान तीन गिऱ्हाइकांना तेथे लागण झाली असावी, असा निष्कर्ष अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या राज्यात परवान्याची पद्धत होती. तरी परवाना नसलेले केंद्र चालू राहिले, हेही विसरून चालणार नाही. परवान्यामागे तपासणी नसेल, तर तो भिंतीवरचा एक कागद होतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आई पार्लर चालवते. त्यावर तिघांचे शिक्षण झाले. परवाने आले की हेलपाटे आले, हेलपाट्यांमागून चिरीमिरी आली आणि मोठ्या डॉक्टरांची मक्तेदारीही आली, असे ती म्हणाली. आपल्या देशाचा परवान्यांविषयीचा अनुभव पाहता तिला खोटे म्हणता येत नाही. डॉक्टरमंडळींतही हद्दीचे वाद आहेतच. जबड्याचे दंतशल्यविशारद केशरोपण करू शकतात की नाही, यावरून त्वचारोगतज्ज्ञांशी त्यांचे मतभेद आहेत. अशा वादांत गिऱ्हाइकाच्या हिताइतकाच धंद्याचाही हिशेब असतो.

म्हणून मला असे वाटते, की परवाना पाटी पाहून किंवा पदवी पाहून ठरविण्याऐवजी काम पाहून ठरवावा. त्वचेच्या वरच्या वर होणारी कामे पार्लरकडे निर्वेधपणे राहू द्यावीत; तेथे स्वच्छतेपलीकडे सरकारने लुडबूड करू नये. जेथे कातडीला छेद जातो, ती भाजण्याचा संभव असतो किंवा बधिर करण्याचे औषध लागते, तेथे माणूस आजारी आहे की नाही हा प्रश्नच सोडून द्यावा. त्या कामाला नोंदणीकृत डॉक्टरची जबाबदारी, नोंदविलेली जागा आणि वर्षातून एकदा तपासणी ही तीन बंधने असावीत. यंत्र चालविणाऱ्या मुलींसाठी शासनमान्य अभ्यासक्रम आणि परीक्षा असावी, म्हणजे त्यांची भाकरीही जाणार नाही. आणि तक्रार घेणारे टेबल एकच असावे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करावे? केंद्रात गेल्यावर काम प्रत्यक्ष कोण करणार, ते विचारावे आणि त्याचा नोंदणी क्रमांक मागावा. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने तो क्रमांक दवाखान्यात लावावयाचा आणि चिठ्ठी व पावतीवर छापावयाचा असतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत तो पडताळता येतो. औषधाची कुपी आपल्यासमोर उघडावयास सांगावी आणि तिच्यावरची तारीख पाहावी. काही बिघडले तर तेथे प्राणवायू आणि तातडीची औषधे आहेत काय, हे विचारण्यात संकोच नसावा. संमतीपत्र समजेल त्या भाषेत मागावे व त्याची प्रत घ्यावी. पावती जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण कायद्याला आपण आजारी होतो की नाही याच्याशी कर्तव्य नाही. पैसे देऊन सेवा घेतली एवढे पुरते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना दरवर्षी एखादे सर्वेक्षण करतेच. यंदा शहरातल्या अशा केंद्रांचे करावे. किती केंद्रांत नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसतो आणि काम करणाऱ्यांपैकी कितीजण डॉक्टर आहेत, एवढे दोनच प्रश्न पुरेत. आलेली यादी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे पाठवावी आणि तिची एक प्रत पुढच्या वार्षिक अंकात छापावी.